बोंबील खायचा तर तिथी पाहून

मुंबईत चांगले मासे कुठे मिळतात, असं बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं की मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघतो. पाहुण्याला वाटतं, आज संकष्टी तर नाही ना, ते बघत असेन. मी तिथी बघतो हे खरं, पण समुद्र आज उधाणावर आहे की भांगावर, ते मला हवं असतं.

ही सवय मला बाजारातल्या एका कोळणीने लावली. त्या दिवशी अष्टमी होती. तिच्या पाटीत बोंबील होते, मी भाव विचारला, तर म्हणाली, "हे नको नेऊस, भाऊ. भांग हाय. बारस-तेरशीला ये, मंग बघ म्हावरं." आपलाच माल घेऊ नको म्हणणाऱ्या त्या बाईचं बोलणं मला तेव्हा उमगलं नाही. चंद्राच्या कलेचा आणि माझ्या रात्रीच्या जेवणाचा संबंध काय? तो शोधत गेलो आणि अजून त्या आश्चर्यातून बाहेर आलेलो नाही.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र लागते, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात खेचतात, पाणी जेमतेम हलतं. हा भांग. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जातं, म्हणजे समुद्रात दिवसातून चार वेळा एक नदीच वाहते. भांगात ही नदी संथ होते.

भरती केव्हा, हे सांगणारा आपल्या किनाऱ्यावरचा तोंडी हिशेब तर मला फारच आवडतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच मागे सरते. पन्नास मिनिटांचा पाऊण तास करून कुणीतरी चंद्राची गती पाढ्यात बसवली. वेळ काही मिनिटं इकडेतिकडे होते, पण होडी लोटायला तेवढं पुरतं.

या वाहत्या पाण्यावर जगणारं जाळं म्हणजे डोल. ते माशाच्या मागे जात नाही. लांबलचक पिशवीसारखं हे जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. तोंड भलं मोठं, शेपटाकडे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक होत गेलेली. तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. पाणी धावतं, त्याच्याबरोबर वाहणारा मासा पिशवीत शिरतो, आणि प्रवाह फिरण्याआधी जाळं उचलायचं. इंधन जाळून पाठलाग करायचा नाही, चंद्राने पाणी ओढायचं आणि पाण्याने मासा आणून द्यायचा. उधाणाला जाळं भरतं, भांगाला रिकामं लोंबतं. कोळीण अष्टमीला "नको" म्हणाली ती यामुळे.

डोलीत येतात ती मंडळीही वाहत्या पाण्याचीच: मांदेली, करंदी, जवळा आणि बोंबील. बोंबलाकडे नीट पाहिलं की कळतं, हा प्रवाहाशी झुंजणारा मासा नाही. अंग लिबलिबीत, काटा मऊ, जबडा मात्र सुयांसारख्या दातांनी भरलेला. त्याच्या अंगात वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. एरवी माशात ते सत्तर-ऐंशी टक्के असतं. म्हणून तर घरोघरी बोंबील चिरून, काटा काढून पाट्याखाली दाबून ठेवतात. पाणी निथळलं की तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकायचा. बाहेर कुरकुरीत कवच आणि आत जवळजवळ साय, हे त्या पाण्यामुळे साधतं. वर्सोव्याला आणि मढला बांबूच्या मांडवांवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात. तिथे तेच पाणी ऊन आणि वारा पितात.

बोंबील मुंबईला मिळतो, मग मालवणला त्याचा एवढा बोलबाला का नाही? मला उत्तर मिळालं ते भूगोलात. गुजरात आणि उत्तर कोकणासमोर समुद्राखालची उथळ जमीन खूप रुंद आहे. भरतीची लाट या उथळ जमिनीवर चढताना उंचावत जाते आणि खंभातच्या निमुळत्या होत जाणाऱ्या आखातात आणखी फुगते. गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास, मुंबईला त्याच्या दुपटीहून जास्त आणि भावनगरला दहा मीटरच्या वर. जसजसे उत्तरेला जाल तसतसा प्रवाह जोरकस होतो आणि डोलीची सद्दी सुरू होते. दक्षिणेला पाणी शांत, तिथे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची रापण, आणि रापणीत येणारे बांगडे, तारल्या. बोंबलाची आणखी एक गंमत म्हणजे हा मासा गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विपुल, पुढे दक्षिणेला विरळ होत जातो आणि एकदम बंगालच्या उपसागराच्या टोकाला, गंगेच्या मुखाशी, पुन्हा मुबलक दिसतो. तिथे त्याला लोटे म्हणतात. दोन्हीकडे मोठ्या नद्यांचा गाळ, गढूळ पाणी आणि जोरदार भरती. हजारो किलोमीटरचा किनारा सोडून त्याने आपल्याला हवी तशी दोन घरं निवडली आहेत.

आता जेवायला जाऊ.

मुंबईच्या ताटात दोन समुद्र आहेत. पहिला तिचा स्वतःचा, डोलीचा. दुसरा माणसांबरोबर आलेला. गिरण्या उभ्या राहिल्या तसे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे चाकरमानी लालबाग-परळात आले. घरं गावाला, इथे खोलीत दाटीवाटीने बिऱ्हाड, मग जेवणाचं काय? शेजारपाजारच्या बायकांनी खानावळी चालवल्या आणि दोन वेळचं गावाकडच्या चवीचं ताट वाढलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज दादरला गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य, वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक, पार्ल्याला गजाली अशी नावं पाहुण्याला सांगताना मला त्या खानावळी आठवतात. त्या नसत्या तर बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण या शहराला इतकं आपलं वाटलं असतं का, मला शंका आहे.

तिरफळावर क्षणभर थांबायला हवं. ते चावलं की ओठ आणि जीभ झिणझिणतात, आणि ही नुसती चव नाही. तिरफळाचं चिनी भावंड आहे सिचुआन मिरी. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी ती लोकांच्या ओठांना लावून पाहिली. मिरीमुळे जाणवणारी थरथर सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांशी जुळली. स्पर्श ओळखणाऱ्या नसाच फसतात. म्हणजे बांगड्याच्या त्या आमटीला चवीबरोबर स्पर्शही असतो.

आणि कोकम. समुद्राच्या खारट पाण्यात तग धरायला मासे अंगात एक नत्रयुक्त रसायन साठवतात. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि त्यातून तो ओळखीचा उग्र वास येतो. हे वासाचं द्रव्य अल्कधर्मी, त्यामुळे आंबट पडलं की ते बांधलं जातं, उडेनासं होतं. आपल्या आज्यांना रसायनाचं नाव ठाऊक नव्हतं, पण कालवणात सोलं घालायला त्या कधी विसरल्या नाहीत.

फोर्टात गेलात तर तिसरी चव भेटेल, मंगळूरकडची. महेश लंच होम, अपूर्व, तृष्णा. गस्सीत, म्हणजे तिथल्या कालवणात, कोकमाऐवजी चिंच, बरोबर नीर डोसा. तृष्णाचा लोणी-मिरी-लसणातला खेकडा जगभरात पोचला आहे. खेकडा खायचा तर कोळणी सांगतात, अमावास्येकडे खा, भरलेला असतो. इथेही चंद्र सुटत नाही.

पाहुण्याला पापलेट हवं असतं. २०२३ साली ते राज्याचा मासा झालं आणि त्याचा मान त्याला मिळायलाच हवा. पण पापलेट, सुरमई आणणाऱ्या मोठ्या बोटी कित्येक दिवस समुद्रात असतात, मासा बर्फात झोपून येतो आणि ससून डॉकवर उतरतो. अल्बर्ट ससून यांनी १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ही गोदी आज पहाटे माशांच्या लिलावाने जागी होते. नीट बर्फातला मासा चांगलाच असतो. तरी डोलीतला बोंबील आज सकाळी पाण्यात होता आणि दुपारी तव्यावर आहे, त्याची बरोबरी कशी होईल? म्हणून माझा सल्ला एवढाच असतो: जिथे यादी छापील नाही, फळ्यावर खडूने लिहिलेली आहे, तिथे बसा. वेटरने "आज मांदेली नाय" म्हटलं तर निराश होऊ नका, त्या जागेवर विश्वास ठेवा.

१ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक बोटींना बंदीच असते. माशांच्या विणीचा हा काळ. जुलैमध्ये मुंबईत दिसणारा ताजा मासा पुष्कळदा पूर्व किनाऱ्याकडचा असतो, कारण तिथली बंदी १४ जूनला संपते. मी त्या दिवसांत सुकटीची चटणी, वांग्यातले सुके बोंबील खातो आणि वाट पाहतो.

मग नारळी पौर्णिमा येते. दर्याला नारळ वाहायला कोळ्यांनी पौर्णिमाच धरली आहे, आणि पौर्णिमेपाठोपाठ एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत जोरात असतं. डोली पुन्हा भरू लागतात. पाहुण्याला मी त्या आठवड्याचं तिकीट काढायला सांगतो. द्वितीयेला दुपारी जेवायला बसायचं, आधी सोलकढी मागवायची आणि मग दोन प्लेट बोंबील. एक प्लेट वाटून खायला पुरत नाही.