नकाशावरील रेषा आणि वाऱ्याची दिशा : गांजा व्यवसायाच्या क्षेत्रविभागणीचा कॅलिफोर्नियातील अनुभव

नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी ‘प्रस्ताव ६४’ संमत केला आणि प्रौढांच्या वापरासाठी गांजाची लागवड, प्रक्रिया व विक्री परवान्याखाली कायदेशीर झाली. १ जानेवारी २०१८ पासून परवानाधारक दुकानांतून विक्री सुरू झाली. परवाना राज्य देते. परंतु हा व्यवसाय आपल्या हद्दीत येऊ द्यावयाचा की नाही, आणि येऊ द्यावयाचा तर कोणत्या जागी, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने नगरपालिका व काउंटी यांच्याकडे ठेवला आहे. काउंटी हे आपल्याकडील जिल्ह्याशी मिळतेजुळते प्रशासकीय क्षेत्र होय. त्यामुळे काही हजार वस्तीच्या गावांनाही एका नव्या पिकासाठी व त्याच्या व्यापारासाठी भूवापराचे नियम आखावे लागले. कोणतेही नवे पीक जुन्या पिकांच्या शेजारी आणताना काय पाहावे, याचा विचार करण्यास हा अनुभव उपयुक्त आहे.

एक व्यवसाय, चार जागा

नियोजनाच्या दृष्टीने ‘गांजा व्यवसाय’ हा एकच व्यवसाय नाही. लागवडीस जमीन, पाणी व प्रकाश लागतो. बंदिस्त लागवडीस तर विजेचा मोठा भार लागतो. अर्क काढण्याच्या काही पद्धतींत ब्यूटेनसारखे ज्वालाग्राही द्रावक वापरले जात असल्याने अशा कारखान्यास औद्योगिक क्षेत्र व अग्निसुरक्षा आवश्यक ठरते. तपासणी प्रयोगशाळेचा शेजाऱ्यांना फारसा उपद्रव नसतो. विक्रीचे दुकान मात्र बाजारपेठेत, वाहनतळ व रस्त्यांची सोय पाहूनच द्यावे लागते. म्हणून सामान्यतः लागवड शेती वा औद्योगिक क्षेत्रात, प्रक्रिया औद्योगिक क्षेत्रात आणि विक्री व्यापारी क्षेत्रात अशी विभागणी केली जाते.

डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज या वाळवंटी गावाने २०१३ मध्ये आर्थिक आणीबाणी जाहीर केली होती. करउत्पन्नाच्या अपेक्षेने या गावाने २०१४ मध्ये, म्हणजे प्रस्ताव ६४ च्याही आधी, वैद्यकीय वापराच्या गांजाची मोठ्या प्रमाणावरील लागवड औद्योगिक क्षेत्रात मान्य केली. ओसाड जमिनींचे भाव झपाट्याने वाढले. मात्र तेथे पुरेशी वीज पोहोचविणे हाच पुढे मोठा अडथळा ठरला. जागा निश्चित झाली, तरी त्या जागेची क्षमता स्वतंत्रपणे तपासावीच लागते.

अंतराचा हिशेब

राज्याच्या कायद्यानुसार शाळा, पाळणाघर व युवा केंद्र यांपासून परवानाधारक जागा किमान ६०० फूट, म्हणजे सुमारे १८३ मीटर दूर असावी लागते. स्थानिक संस्था हे अंतर कमी-अधिक करू शकते. ऐकताना हे अंतर लहान वाटते. परंतु १० एकरांच्या चौरस आवारातील एका शाळेच्या हद्दीपासून सर्व बाजूंनी ६०० फूट मोजल्यास शाळेसह सुमारे ७२ एकर क्षेत्र वर्ज्य ठरते. अंतर १,००० फूट केल्यास हेच क्षेत्र सुमारे १४३ एकरांवर जाते. लहान गावात अशी तीन-चार वर्तुळे काढली की व्यापारी क्षेत्रातील मोजकेच भूखंड उरतात, त्यांचे भाडे वाढते आणि सर्व दुकाने एकाच रस्त्यावर एकवटतात. अंतर वाढविणे म्हणजे अधिक सुरक्षितता, असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही. काही वेळा तो एका वस्तीवरचा भार उचलून दुसऱ्या वस्तीवर ठेवण्याचा प्रकार ठरतो.

कार्पिंटेरिया : वास हद्द जाणत नाही

सांता बार्बरा काउंटीतील कार्पिंटेरिया हे सुमारे १३,००० वस्तीचे किनारी गाव. गावाभोवतीच्या खोऱ्यात दीर्घकाळ फुलांची हरितगृहे होती. १९९१ च्या अमेरिकी व्यापार सवलतीनंतर कोलंबियाची फुले शुल्कमुक्त येऊ लागली आणि येथील फूलशेती अडचणीत आली. पुढे त्याच हरितगृहांत गांजा आला. ही हरितगृहे गावाच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या अखत्यारीत येतात. परिणामी नियम काउंटीने करावयाचे आणि वास गावाने सोसावयाचा, अशी स्थिती निर्माण झाली.

फुलोऱ्यातील गांजाला टर्पीन वर्गातील संयुगांचा उग्र वास असतो. त्यातील स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखी छटा गंधकयुक्त संयुगांमुळे येते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. हरितगृहाच्या छताची झरोके-खिडक्या उष्णता बाहेर जाण्यासाठी उघडाव्याच लागतात. त्यांतून वासही बाहेर पडतो. जवळच्या हायस्कूलपर्यंत वास येत असल्याच्या तक्रारी झाल्या. निवासी क्षेत्रात वास येऊ नये, अशी योजना उत्पादकांनी सादर करावी, असा नियम झाला. तथापि शेजारी-शेजारी अनेक हरितगृहे असताना वास नेमका कोणाचा, हे सिद्ध करणे अवघड होते.

येथे कामांचा क्रमही उलटा झाला होता. आपली लागवड पूर्वीपासूनची आहे, असे प्रतिज्ञापत्र देणाऱ्यांना पुरेशा पडताळणीविना उत्पादन सुरू ठेवता आले. सविस्तर परवाने नंतर आले. पुढे खोऱ्यातील लागवडीस १८६ एकरांची कमाल मर्यादा घालण्यात आली. २०२० मध्ये काउंटीच्या ग्रँड ज्युरीने या धोरणाच्या घडणीवर कठोर टीका केली.

फवारणीचा पेच

वासापेक्षा शेतकऱ्याला अधिक झोंबणारा प्रश्न कीड नियंत्रणाचा होता. खोऱ्यातील डोंगरउतारांवर ॲव्होकॅडोच्या बागा आहेत. त्यांवर पर्सिया कोळी व ॲव्होकॅडो फुलकिडे या प्रमुख किडी येतात. चढणीच्या बागांत अनेकदा हेलिकॉप्टरने फवारणी केली जाते आणि ॲबामेक्टिन हे त्यातील नेहमीचे कीडनाशक आहे.

दुसरीकडे, विक्रीपूर्वी गांजाच्या प्रत्येक तुकडीची ६६ कीडनाशकांच्या अवशेषांसाठी तपासणी होते. त्यांपैकी २१ कीडनाशकांचा अंश आढळला तरी माल बाद ठरतो. उर्वरित ४५ साठी कमाल मर्यादा आहेत. धूम्रपानाच्या मालात ॲबामेक्टिनची मर्यादा दशलक्ष भागांत केवळ ०.१ भाग इतकी आहे. ॲव्होकॅडोच्या बागेत पूर्णतः कायदेशीर असलेली फवारणी वाऱ्याने शेजारच्या हरितगृहात गेल्यास तेथील महागडा माल नष्ट करावा लागू शकतो. २०१९ मध्ये काही फवारणी व्यावसायिकांनी भरपाईच्या दाव्यांच्या भीतीने गांजाशेजारील बागा फवारण्यास नकार दिला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे असलेल्या बागायतदाराला नव्या शेजाऱ्यामुळे आपल्याच झाडांचे संरक्षण करता येईना.

गांजा उत्पादकाचीही बाजू सोपी नव्हती. लाल कोळी, मावा व सूक्ष्म रसेट कोळी या त्याच्या मुख्य किडी. संघराज्याच्या कायद्याने गांजा अवैध असल्याने त्यासाठी खास नोंदणीकृत कीडनाशके नाहीत; अवशेष मर्यादेतून सूट असलेली मोजकी तेले, साबणद्रावणे व जैविक घटकच वापरता येतात. म्हणून परभक्षी कोळ्यांवर मोठी भिस्त असते आणि बाहेरून आलेले फवाऱ्याचे थेंब या मित्रकीटकांनाही घातक ठरू शकतात.

कायद्याने शाळा व दुकान यांतील अंतर बारकाईने मोजले. पीक व पीक यांतील अंतराचा मात्र विचार केला नाही. क्षेत्रविभागणी स्थिर वस्तूंसाठी आखली जाते. थेंब, वास, परागकण व कीटक हे फिरते घटक आहेत. म्हणून केवळ फुटांतील अंतर पुरेसे नाही. प्रचलित वाऱ्याची दिशा, रात्री उतारावरून खाली सरकणारी थंड हवा, शेजारच्या पिकाचे फवारणी वेळापत्रक, झाडांची संरक्षक पट्टी आणि हानी झाल्यास जबाबदारी कोणाची, या बाबी परवाना देण्यापूर्वीच लेखी ठरल्या पाहिजेत.

भारतीय संदर्भ

भारतात अमली पदार्थविषयक १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार विनापरवाना गांजा लागवड हा गुन्हा असून त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र याच कायद्याच्या कलम १४ नुसार केवळ तंतू, बियाणे किंवा उद्यानविषयक हेतूंसाठी शासन विशेष आदेशाने लागवडीस परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचा परवाना दिला; तेथे टीएचसी या मादक घटकाची मर्यादा ०.३ टक्के आहे. भांगेचे परागीभवन वाऱ्याने होते आणि हिमालयाच्या पायथ्याशी रानभांग सर्वत्र उगवते. रानभांगेचे परागकण बीजोत्पादनाच्या शेतात आल्यास पुढील पिढीत ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. म्हणजे तेथेही विलगीकरण अंतर व वाऱ्याची दिशा हाच कळीचा मुद्दा आहे.

हा धडा भांगेपुरता मर्यादित नाही. कपाशीवरील फवारा शेजारच्या तुतीवर गेल्यास रेशीम कीटक मरतात. निर्यातक्षम द्राक्षबागेशेजारी भाजीपाल्यावर मारलेले औषध अवशेष तपासणीत अडचण करू शकते. प्रमाणित सेंद्रिय शेताच्या बांधावर हाच प्रश्न उभा राहतो. गावात तुती, संरक्षित भाजीपाला किंवा निर्यातक्षम फळबाग यांचा नवा गट उभा करताना विस्तार कार्यकर्त्यांनी लाभार्थ्यांच्या यादीबरोबर चतुःसीमेवरील शेतकऱ्यांचीही यादी करावी. त्यांची पिके, वापरातील कीडनाशके, फवारणीचे महिने आणि वाऱ्याची दिशा एका साध्या नकाशावर नोंदवावी. फवारणीपूर्वी एक दिवस शेजाऱ्याला कळविण्याची पद्धत गटाच्या पहिल्याच बैठकीत ठरवावी. कार्पिंटेरियात हा संवाद व्हावयास हवा होता तो रोपे लावण्यापूर्वी. प्रत्यक्षात तो तक्रारी व दाव्यांच्या भीतीतून सुरू झाला. जुन्या शेजाऱ्याला आपले पीक राखता येईल, याची खात्री करूनच नव्या पिकाला जागा द्यावी.