जुनी नाणी घासावीत का?

दिवाळी आली की तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करायची आणि त्याच ओघात देव्हाऱ्यातली जुनी नाणीही चिंचेच्या पाण्यात टाकायची, ही चाल आपल्याकडे पुष्कळ घरांतून आहे. आमच्या घरी हे काम माझ्याकडे असे. आजीजवळ आठ-दहा शिवराया होत्या. दरवर्षी मी त्या मन लावून घासल्या. आजी खूश, मीही खूश! पुढे मोठेपणी त्यांवरील अक्षरे वाचायला बसलो, तेव्हा एकीवर ‘श्री’ तेवढा हाती लागला. बाकीच्या जवळजवळ कोऱ्या.

आता कोणी म्हणेल, शिवराई जुन्या बाजारात ढिगाने मिळते. घासली तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. शिवाजी महाराजांच्या मागेही ही नाणी दीर्घकाळ निरनिराळ्या ठिकाणी पाडली जात होती. अक्षरांचे वळण, एखादा ठिपका, एखादे चिन्ह यांवरूनच एक शिवराई दुसरीपासून निराळी ओळखता येते. ती बारीक खूण गेली, की हाती राहतो नुसता तांब्याचा तुकडा.

तांब्यावर चढलेला तपकिरी किंवा हिरवट थर म्हणजे वरून बसलेली घाण नव्हे. हवा आणि ओल यांच्या संगतीने धातूचाच पृष्ठभाग पालटून तो झालेला असतो. चिंचेतले आम्ल तो विरघळवते, राख उरलेले खरवडते, आणि अक्षरांची धार त्याबरोबर जाते. चांदीचा काळेपणाही तसाच, गंधकाच्या संयोगाने आलेला.

नाण्याच्या अंगावर काय काय टिकून राहू शकते, याचा दाखला नाशिकजवळच आहे. 1906 साली जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्या ठशाखालून नहपानाचा मुखवटा आणि अक्षरांचे तुकडे डोकावतात. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवले, हे त्या एवढ्याशा चकतीवर वाचता येते. चकाकीच्या हौसेने कोणी ती नाणी घासघासून ठेवली असती, तर खालचा राजा नाहीसाच झाला असता!

मग काहीच करू नये का? मातीच असेल, तर नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवावे, मऊ केसांच्या कुंचल्याने हलकेच माती सोडवावी, टिपून पूर्ण कोरडे करावे. चोळू नये. मात्र फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली, तर तो निराळा रोग समजावा. मिठासारख्या क्षारांनी आणि ओलीने तो नाणे आतून खातो. असे नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवून जाणकाराला दाखवावे. आपल्या अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथले संग्रहालय एकदा अवश्य पाहावे, म्हणजे न घासलेले नाणे किती बोलके असते ते कळेल.

पूजेचे काय, असे आमच्या घरीही विचारले गेले. सराफाकडून चांदीचे एक नवे नाणे आणले. दर दिवाळीला ते घासतो. आजीच्या शिवराया कागदाच्या पाकिटात असतात. पूजेपुरत्या पाटावर येतात, आणि कोरड्याच परत जातात.