श्वानासह पदयात्रा : धारवाड ते मुधोळ

महाभारताच्या अखेरीस एक लहानसा प्रसंग आहे. पांडव आणि द्रौपदी सर्वस्वाचा त्याग करून हिमालयाच्या दिशेने पायी निघतात, आणि वाटेत एक कुत्रा त्यांच्यामागून चालू लागतो. एकेक करून सारे गळून पडतात. अखेरपर्यंत धर्मराजाची सोबत करतो तो केवळ हा कुत्रा. स्वर्गाचे दार उघडले असताही ‘याला सोडून मी येणार नाही’ असे धर्मराज इंद्राला सांगतो. कुत्र्याला बरोबर घेऊन दूरच्या वाटेस लागणाऱ्या प्रत्येकाने ही कथा ध्यानी ठेवावी. कारण अशा प्रवासाचा पहिला नियम तीतच सांगितलेला आहे. ज्याला बरोबर घेतले त्याला वाटेत टाकता येत नाही.

आमच्या घरी मोती नावाचा साधा गावठी कुत्रा आहे. त्याला घेऊन दसऱ्याच्या सुटीत धारवाडहून मुधोळपर्यंत पायी जावे, असा बेत आम्ही आखला आहे. मोतीचे वय आता सात वर्षे आहे. आणखी दोन-तीन वर्षांनी एवढी मजल त्याला झेपणार नाही. म्हणून हा बेत पुढे ढकलणे नाही आणि घाईने उरकणेही नाही. तो आखताना जे शिकावे लागले ते विद्यार्थिमित्रांना उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहो.

प्रथम स्थळाची निवड. धारवाडकराच्या मनात सहल म्हटली की दांडेलीचे अरण्य येते. परंतु तेथे आता काळी व्याघ्र प्रकल्प आहे. अशा राखीव वनात पाळीव कुत्रा नेणे योग्य नव्हे. त्याच्यापासून वन्य प्राण्यांना रोग जडण्याचा धोका असतो, आणि बिबळ्याला कुत्रा हे तर आवडते भक्ष्य. म्हणून आम्ही पश्चिमेचे अरण्य सोडून ईशान्येकडील उघडे माळरान निवडले.

मुधोळ हे गाव तर श्वानप्रेमी माणसाचे तीर्थक्षेत्रच. घटप्रभेच्या काठचे हे गाव पूर्वी घोरपडे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. ‘गदायुद्ध’ रचणारा कन्नड महाकवी रन्न याच परिसरात जन्मला. येथील उंच, सडपातळ, लांब मुखाचे शिकारी कुत्रे साऱ्या देशात नावाजलेले आहेत. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीचे संगोपन केले. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळ कुत्र्याचे आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीच्या संवर्धनाचे सरकारी केंद्रही आहे.

अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. धडधाकट माणूस हे सहा दिवसांत चालून जाईल. परंतु वेग ठरवावयाचा तो सोबत्यांतील सर्वांत अशक्ताच्या चालीने. आम्ही दिवसाला सरासरी बारा-तेरा किलोमीटर धरले आहेत. पहिला मुक्काम अम्मिनभावी, दुसरा इनामहोंगल, तिसरा सौंदत्ती. तेथे एक दिवस पूर्ण विश्रांती. पुढे मलप्रभेच्या खोऱ्यातून मुनवळ्ळी, मग यरगट्टी. तेथून लोकापूरपर्यंत तीन दिवस आणि लोकापुराहून मुधोळपर्यंत दोन. चालण्याचे दहा दिवस आणि विसाव्याचे दोन, असा बारा दिवसांचा हिशेब झाला.

काळाचाही विचार केला पाहिजे. खरे पाहता मार्गशीर्ष-पौषातील थंडी या वाटेस उत्तम. परंतु त्याच दिवसांत पौर्णिमांना सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या दर्शनास लक्षावधी भाविक बैलगाड्यांनी आणि पायी लोटतात. त्या गर्दीत, वाद्यांच्या गजरात कुत्रा बिथरून जातो. शिवाय शाळेची मोठी सुटी दसऱ्याची. म्हणून नवरात्राची गर्दी ओसरताच निघावयाचे ठरविले. त्या सुमारास परतीचा पाऊस एखादे वेळी गाठतो, आणि मग येथील काळी माती कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत गोळ्यासारखी चिकटून बसते. अशा दिवशी मुक्काम हलवावयाचा नाही. विसाव्याचा दुसरा दिवस त्यासाठीच राखून ठेवला आहे.

आता उन्हाविषयी. येथे आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. गेल्या फाल्गुनात सराव म्हणून आम्ही मोतीला घेऊन अम्मिनभावीच्या रस्त्याने निघालो. निघण्यास उशीर झाला आणि परतताना अकरा वाजून गेले. आमच्या पायांत वहाणा होत्या, डोक्यावर टोपी होती. मोती मात्र मुकाट्याने मागून येत होता. एकाएकी तो एका बाभळीखाली आडवा झाला आणि उठेना. पाहिले तो पंजांची कातडी भाजून सोलपटली होती, जीभ लोंबत होती, श्वास भात्यासारखा चालला होता. जवळच्या शेतकऱ्याने कळशीभर पाणी दिले म्हणून निभावले. त्याचे अंग भिजविले, घोट घोट पाणी पाजले आणि एका टेंपोतून त्याला घरी आणले. तो आठ दिवस लंगडत होता. त्याने एकदाही कुरकूर केली नव्हती, हीच गोष्ट आमच्या मनाला अधिक लागली.

याचे कारण शरीररचनेत आहे. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो बहुतांशी पंजांच्या तळव्यांना, तोही अल्प. अंगातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवितो. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते 41 अंशांवर गेले की प्राणावर बेतते. म्हणून चालणे पहाटे सुरू करून नऊच्या आत संपवावे. रस्त्यावर हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसला नाही तर कुत्र्यालाही सोसणार नाही. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला एक लिटरच्यावर पाणी लागते. चालताना त्याच्या दुप्पट धरावे. ओढ्या-डबक्यांतील साचलेले पाणी पाजू नये. कन्नडातील ‘नीरु’ हा एक शब्द ज्याला येतो, त्याला या मुलखात पाण्यावाचून कोणी परत पाठविणार नाही.

अन्नाच्या बाबतीत एक सावधगिरी. आपली वाटेवरची शिदोरी म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा. यांतली कोरडी भाकरी कुत्र्याला चालते, पण कांदा त्याला विषासमान आहे. त्याने रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हीही वर्ज्य. धारवाडी पेढ्यावर मोतीचा डोळा असतो, पण एवढी साखर त्याच्या पोटाला मानवत नाही. चालण्याच्या अगदी आधी पोटभर खाऊ घालू नये. मुख्य जेवण संध्याकाळी, विसाव्यानंतर द्यावे.

सर्वांत मोठे भय पिसाळ रोगाचे. हा रोग एकदा प्रकट झाला की बहुधा वाचत नाही, ना माणूस, ना कुत्रा. परंतु तो टाळता येतो. 1885 साली लुई पाश्चर यांनी जोसेफ मैस्तर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचून हे जगाला दाखविले. निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी पशुवैद्याकडून कुत्र्याची लस पुरी करून घ्यावी आणि तिचा दाखला जवळ बाळगावा. वाटेत कोणासही कुत्रे चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना असले काही लावीत बसू नये.

प्रत्येक गावाच्या वेशीवर तेथील कुत्री परक्या कुत्र्याची वाट अडवितात. अशा वेळी धावू नये; साखळी आखूड धरावी, उभे राहावे आणि गावातल्या कुणास हाक मारावी. शेतांत मेंढरे बसलेली दिसली तर लांबूनच धनगराला विचारून पुढे व्हावे. त्याची राखण करणारी कुत्री आपले कर्तव्यच करीत असतात. आपला कुत्रा ससा पाहून धावेल किंवा उभ्या पिकात शिरेल, म्हणून साखळी सोडू नये.

मुक्कामाची सोय आधी पत्राने किंवा दूरध्वनीने करून ठेवावी, आणि ‘आमच्यासोबत कुत्रा आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. देवळाच्या आवारात सर्वांना ते रुचत नाही. त्यांच्या भावनेचा मान राखून शाळेचा ओटा किंवा शेतातले खोपट पाहावे. सकाळी निघताना जागा झाडून स्वच्छ करावी, म्हणजे पुढे येणाऱ्या वाटसरूलाही आसरा मिळेल.

सरावावाचून या साऱ्याचा उपयोग नाही. आम्ही दोन महिने आधीपासून, प्रथम रोज तीन किलोमीटर, मग हळूहळू वाढवीत दहा-बारापर्यंत जाणार आहो. धारवाडकरांस साधनकेरी आणि केलगेरीचे तळे, हुबळीकरांस उणकलचे तळे ही सरावाची चांगली ठिकाणे. दीड वर्षाच्या आतील पिलाची हाडे कोवळी असतात. त्याला एवढी मजल घडवू नये.

शेवटी एक गोष्ट आम्ही कागदावर लिहून ठेवली आहे. सौंदत्तीला पोहोचल्यावर मोतीचे पंजे आणि भूक पाहावयाची. तो थकला असेल तर तेथूनच गाडी करून परत फिरावयाचे. गाडीवाल्याशी तसे आधीच बोलून ठेवू. मुधोळ कोठे जाणार नाही. ‘मी दमलो’ हे ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने ते ओळखणे हे आपले काम. बाभळीखाली पडलेल्या मोतीने हा धडा आम्हांस दिला आहे. तो ध्यानात राहिला तर सव्वाशे किलोमीटर पुरे होवोत वा चाळीसच होवोत, ही यात्रा सफल झाली असेच आम्ही मानू.