लोहाचे जैविक ऑक्सिडीकरण व क्षपण : बंगालच्या भूजलातील आर्सेनिकच्या संदर्भात

वजनाच्या दृष्टीने भूकवचाचा सुमारे ५ टक्के भाग व्यापणारे लोह निसर्गात प्रामुख्याने दोन अवस्थांत आढळते. फेरस लोह पाण्यात सहज विरघळते, तर फेरिक लोह उदासीन पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून तांबूस कणांच्या रूपाने गाळात राहते. या दोहोंत अंतर केवळ एका इलेक्ट्रॉनचे आहे आणि त्याच्या देवघेवीवर जीवाणूंचे कित्येक गट उपजीविका करतात.

फेरसपासून इलेक्ट्रॉन काढून घेऊन ऊर्जा मिळविता येते, ही कल्पना विनोग्राड्स्की यांनी १८८८ मध्ये मांडली. ही ऊर्जा अत्यल्प असते. त्यामुळे गॅलिओनेलासारख्या जीवाणूस थोड्याशा वाढीसाठीही पुष्कळ लोह गंजवावे लागते. शिवाय उदासीन पाण्यात हवेतील ऑक्सिजन हेच काम काही मिनिटांत उरकतो, म्हणून हे जीवाणू ऑक्सिजन जेमतेम पोचेल अशा सीमारेषेवर वस्ती करतात. खाणींतील आम्लधर्मी पाण्यात मात्र हवेचा वेग मंदावतो. तेथे जीवाणूंमुळे ऑक्सिडीकरण सुमारे दहा लाख पटींनी वाढू शकते, असे सिंगर व स्टम यांनी १९७० मध्ये दाखविले.

क्षपणाची प्रक्रिया अधिक विलक्षण आहे. ऑक्सिजन संपलेल्या गाळात सेंद्रिय पदार्थांचे विघटन करणाऱ्या जीवाणूंना इलेक्ट्रॉन कोठे तरी सोपवावे लागतात. जिओबॅक्टर ते फेरिक लोहास देतो. परंतु फेरिक हा घन कण. तो पेशीत शिरणार कसा? श्वसनाची शेवटची पायरी पेशीबाहेर घडविणे, हा त्यावरील उपाय होय. पेशीपासून निघणारे विद्युतवाहक तंतू दीर्घकाळ पिली समजले जात. ते सायटोक्रोम प्रथिनांच्या साखळ्या असल्याचे २०१९ मध्ये त्यांच्या संरचनेवरून आढळून आले.

ही केवळ शास्त्रीय जिज्ञासेची बाब नव्हे. तळ्यांच्या दूषित पाण्यातून पसरणारे अतिसारासारखे रोग टळावेत म्हणून बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लाखो उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू स्तुत्यच होता. परंतु त्यांपैकी अनेकींच्या पाण्यात पुढे आर्सेनिक सापडले. पश्चिम बंगालमध्ये त्वचाविकाराचे रुग्ण १९८३ मध्येच ओळखले गेले होते. उपशामुळे भूजलपातळी खालावून हवा आत शिरते व पायराइटचे ऑक्सिडीकरण होते, असे स्पष्टीकरण आरंभी दिले जाई. ते पटण्याजोगे वाटले, तरी आर्सेनिकयुक्त पाण्यात ऑक्सिजन नव्हता. विरघळलेले लोह मात्र विपुल होते. १९९८ मध्ये निक्सन व सहकाऱ्यांनी उलट दिशा सुचविली : गाळातील फेरिक कणांचे क्षपण होते आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. पश्चिम बंगालमधील गाळावर केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ऑक्सिजनविरहित स्थितीत ॲसिटेट पुरविल्यावर क्षपणकारी जीवाणू सक्रिय झाले आणि आर्सेनिक पाण्यात उतरले. लक्षणीय बाब अशी, की ते लोहाबरोबर न सुटता लोहाच्या क्षपणानंतर सुटले. या जीवाणूंना लागणारा सेंद्रिय कार्बन गाळातलाच, पीटमधला की तळ्यांतून झिरपणारा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, तर बांगलादेशाची ५० मायक्रोग्रॅम आहे. शुद्धीकरणाच्या अनेक पद्धती हेच चक्र उलटे फिरवितात. पाण्यात हवा मिसळली की फेरिक साका तयार होतो, आर्सेनिक त्याला चिकटते आणि दोन्ही गाळून वेगळे करता येतात. मागे उरलेला तांबूस गाळ मात्र एखाद्या तळ्याच्या चिखलात टाकला, तर तेथे ऑक्सिजन नसतो आणि क्षपणकारी जीवाणूंना हवे ते सर्व उपलब्ध असते.