परगावच्या चुलीला शहराचे छप्पर

सोलापूर शहरात एकाच पदार्थाला तीन घरांत तीन नावे आहेत. मराठी घरात ती ज्वारीची भाकरी, कन्नड घरात जोळद रोट्टी आणि तेलुगू घरात जोन्न रोट्टे. भाकरीसोबत शिजणाऱ्या पालेभाजीचेही तसेच. आपण तिला अंबाडी म्हणतो, शेजारच्या कन्नड घरात ती पुंडी असते आणि त्यापलीकडच्या तेलुगू घरात गोंगुरा. कोणी त्यात तूरडाळ घालतो, कोणी ज्वारीच्या कण्या, तर कोणी लसणाची भरपूर फोडणी देतो. दखनी उर्दू बोलणाऱ्या घरांची चव त्यात आणखी निराळी भर घालते. विजापूर वेशीपासून कन्ना चौकापर्यंत चालत गेले, तर तासाभराच्या अंतरात चार भाषांची स्वयंपाकघरे ओलांडली जातात.

जगातील काही शहरांनी स्थलांतरितांच्या अशा स्वयंपाकघरांना एका छपराखाली आणून त्यांचे बाजार उभे केले आहेत. ‘आंतरराष्ट्रीय फूड हॉल’ या नावाने ते ओळखले जातात. सोलापूरकरांना हे नाव परके वाटेल. मात्र त्यामागचा प्रश्न आपल्या अगदी घरातला आहे. परगावाहून आलेले कुटुंब अन्न शिजवून पोट भरू पाहते, तेव्हा त्याला शहराने काय द्यावे? आणि त्याचा रांधणाऱ्याच्या व जेवणाऱ्याच्या आरोग्याशी काय संबंध?

दुष्काळ, गिरणी आणि माग

रेल्वे १८६० साली सोलापुरास पोहोचली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला आणि त्याच काळात, १८७७ साली, येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. सोलापूरकर आजही तिचा उल्लेख ‘जुनी गिरणी’ असाच करतात. पुढे आणखी गिरण्या निघाल्या. तेव्हाच्या निजामी राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे माग घेऊन आली आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. कर्नाटकाकडील गावांतून कन्नड भाषक आले, आजूबाजूच्या कोरडवाहू तालुक्यांतून मराठी शेतमजूर आले. ज्या सोलापुरी चादरीने शहराचे नाव देशभर नेले, तिच्यामागे या विणकर घरांची मेहनत आहे.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. घरातील पुरुषाची मिळकत अपुरी पडू लागली, तशी घरातील स्त्री विडीचे सूप मांडीवर घेऊन बसली. सोलापुरात आजही हजारो स्त्रिया विड्या वळतात. घरी बसून करता येणारे काम, म्हणून ते सोयीचे. परंतु त्याची किंमत शरीर मोजते. तंबाखूची धूळ श्वासावाटे आत जाते, तिच्यातील निकोटिन हाताच्या त्वचेतूनही शोषले जाते. तासन्‌तास मान खाली घालून बसल्याने मान, पाठ आणि गुडघे धरतात. शिवाय हे सारे एकाच खोलीच्या घरात चालले, तर लेकरेही त्याच हवेत वाढतात.

अशा घरातील स्त्रीपाशी विडीखेरीज आणखी एक कसब असते, ते म्हणजे भाकरी. सोलापुरात भाकऱ्या करून विकणे हा आता लहानसा का होईना, पण ओळखीचा व्यवसाय झाला आहे. ताज्या भाकऱ्या खानावळींना जातात. पातळ थापून, पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजलेली कडक भाकरी शेंगाचटणीच्या पुडीबरोबर पुण्या-मुंबईपर्यंत प्रवास करते. विडीच्या तुलनेत हे काम आरोग्याला निश्चितच बरे. तथापि तेही बंद खोलीत, धुराच्या चुलीवर आणि उकिडवे बसून करावे लागले, तर एक दुखणे सोडून दुसरे पत्करल्यासारखेच होईल. म्हणूनच छपराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एका बंद इमारतीचे काय झाले

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात लेक स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे ‘सीअर्स’ या व्यापारी कंपनीने १९२८ साली एक प्रचंड इमारत बांधली होती. १९९४ साली ती बंद पडली आणि परिसराला अवकळा आली. पुढे त्या भागात मेक्सिको, सोमालिया आणि इतर देशांतून आलेली कुटुंबे वाढत गेली. त्यांच्यापाशी पाककौशल्य होते, कष्टाची तयारी होती. भांडवल, परवाने आणि मोक्याची जागा मात्र नव्हती. तेव्हा स्थानिक सेवाभावी संस्था एकत्र आल्या आणि २००६ साली त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ‘मिडटाउन ग्लोबल मार्केट’ सुरू झाले.

तेथे प्रत्येक कुटुंबाला लहानसा गाळा मिळतो. बसण्याची जागा आणि स्वच्छतागृहे सर्वांची मिळून असतात. नवख्या व्यावसायिकाला हिशेब, कर्ज आणि परवाना यांची माहिती देणाऱ्या संस्था पाठीशी उभ्या राहतात. एकट्याने दुकान थाटताना जो खर्च कंबर मोडतो, तो अशा ठिकाणी वाटून घेता येतो.

याचा अर्थ सारे सुरळीतच चालते, असा नाही. २०२० सालच्या महासाथीने आणि त्याच वर्षी लेक स्ट्रीटवर उसळलेल्या अशांततेने तेथील छोट्या व्यवसायांना मोठा फटका दिला. छप्पर मिळाले तरी रोज येणारे गिऱ्हाईक लागतेच. ही गोष्ट अशी योजना आखणाऱ्यांनी प्रारंभीच ध्यानात ठेवावी.

मुंबईच्या खानावळवाल्या

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा राहत असे. त्याचे दोन वेळचे जेवण कोणत्या तरी चाळीतील खोलीत शिजे. खानावळ चालवणारी स्त्रीही परगावाहूनच आलेली असे. महिन्याच्या पगाराला पैसे मिळणार, म्हणून तोवर ती वाण्याकडून उधार आणी किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे घेई. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबूनही तिच्या कामाला ‘धंदा’ म्हणायला कोणी तयार नव्हते.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना संघटित केले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. स्त्रियांचे गट करून त्यांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि त्या आधारे राष्ट्रीयीकृत बँकेचे लहान कर्ज मिळवायचे, ही त्यांची मुख्य रीत. सावकाराचे व्याज सुटले, की हाती चार पैसे उरतात आणि त्यांतून चांगले धान्य, ताजी भाजी व स्वतःचे औषधपाणी शक्य होते. पुढे मंडळाने सामुदायिक स्वयंपाकघरे आणि प्रशिक्षणही हाती घेतले. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. आज ज्याला फूड हॉलमागचा विचार म्हटले जाते, त्याचा गाभा गिरणगावातील या स्त्रियांनी कधीच सिद्ध करून दाखवला होता.

स्वच्छता नळापासून सुरू होते

गाडीवरच्या अन्नाबद्दल बोलताना आपण विक्रेत्याला सहज दोष देतो. त्याचे हात अस्वच्छ, त्याचे पाणी शिळे, त्याची ताटे एकाच बादलीत बुचकळलेली. दोष खरे असतात. परंतु ज्या रस्त्यावर नळ नाही, तेथे हात धुवायचे तरी कशाने?

सिंगापूरने या प्रश्नाचे उत्तर शोधले. तेथील फिरते अन्नविक्रेते बहुतांशी चिनी, मलायी आणि भारतीय स्थलांतरित किंवा त्यांचे वंशज. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने त्यांची नोंदणी सुरू केली आणि पुढील काळात पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था असलेली छप्परबंद केंद्रे बांधून त्यांना तेथे जागा दिल्या. विक्रेत्यांना रस्त्यावरून उठवले ते नवी जागा देऊन. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली.

आपल्याकडेही पाया आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत पात्र उद्योजकाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली. स्वच्छतेच्या कसोट्या पूर्ण करणाऱ्या खाऊगल्ल्यांना केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण प्रमाणपत्र देते. २०१८ साली अहमदाबादच्या कांकरिया तलावाचा परिसर असा देशातील पहिला ठरला.

सोलापूरच्या पूर्व भागात असे एखादे सामाईक छप्पर उभे राहिले, तर त्यात काय असावे? कंबरेच्या उंचीचे ओटे, म्हणजे भाकरी उभ्याने थापता येईल. धूर ओढून घेणारे धुराडे आणि गॅसची शेगडी. पिण्याचे व धुण्याचे वेगळे पाणी. धान्य ठेवायला कोरडी, उंदीर न शिरणारी खोली. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. यातली एकही गोष्ट चैनीची नाही.

ताटात काय येते

जेवणाऱ्याच्या दृष्टीनेही या स्वयंपाकघरांचे मोल मोठे आहे. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा प्रदेश. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांचा विश्वास लाभलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण याच जिल्ह्यातील मोहोळचा आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकेच तंतू असतात. तिच्यात ग्लुटेन नसते. तंतूंमुळे पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि शौचास साफ होते. तरीही ज्वारी हे पिष्टमय धान्यच. मधुमेहींनी ‘भाकरी चालते’ म्हणून चार भाकऱ्या खाणे योग्य नव्हे.

शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, पण ४० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांशही असतो. म्हणून उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी चमचा-दोन चमचेच घ्यावी. तिच्यातील मिठाचाही हिशेब हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. अंबाडीच्या भाजीत ऑक्झॅलेट असते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याने प्रमाण ठरवावे. ताटात लिंबाची फोड ठेवावी. तिच्यामुळे धान्य-भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते.

विकत घेताना डोळे उघडे ठेवावेत. चटणीला खवट वास किंवा कडवट चव असेल तर ती टाकून द्यावी. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. कडक भाकरी चटकन मोडली पाहिजे. वाकू लागली, तर तिच्यात ओल राहिली आहे, असे समजावे. ज्वारीचे पीठ थोडे थोडे ताजे दळून आणावे, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना मोडते. पुडीवर नोंदणी क्रमांक, तयार केल्याचा दिनांक आणि पत्ता आहे का, हे पाहावे.

एवढे पाहिल्यानंतर एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा. या भाकऱ्या कोठे भाजल्या जातात? तेथे खिडकी आहे का, पाणी आहे का, बसायला पाट तरी आहे का? परगावाहून आलेल्या कुणा आजीने आपले कसब या शहराच्या हवाली केले आणि आज तिची नात तेच कसब विकून घर चालवते आहे. तिने धुरात खोकत थापलेली भाकरी आपल्या ताटात आरोग्य घेऊन येईल, अशी अपेक्षा आपण किती काळ करणार? शहरातील बचत गटांनी, समाजसंस्थांनी आणि महापालिकेने मिळून एक तरी सामाईक स्वयंपाकघर उभे करावे. त्याच्या दारावरची पाटी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिप्यांत असावी. आत भाजली जाणारी भाकरी चारही घरांना ओळखीची असेल.