बोद्रुमची सायंकाळ

इजियन समुद्राच्या काठावरील बोद्रुम हे तुर्की गाव आज ज्या सायंभोजनासाठी ख्यातनाम आहे, ते भोजन बहुतांशी सक्तीने येथे आणून सोडलेल्या माणसांनी घडविले, ही गोष्ट गेल्या शतकाचा मागोवा घेताना प्रथम ध्यानी येते. 1923 च्या करारनाम्यान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये प्रजेची अदलाबदल झाली, तेव्हा क्रीट बेटावरील मुसलमान कुटुंबे घरेदारे सोडून येथील कुंबाहचे मोहल्ल्यात मुक्कामास आली. त्यांच्यापाशी रानातील आणि खाजणातील भाज्या पारखण्याची विद्या होती. खाऱ्या चिखलात उगवणारी हिरवी, मांसल डहाळी उकडून, एकेक डहाळी बोटांच्या चिमटीत धरून तिच्यातील ताठ शीर ओढून काढावी आणि वर लसूण, लिंबू व ऑलिव्हचे तेल घालावे, अशी देनिझ ब्योरुल्जेसी या भाजीची कृती आजही चालते.

1925 साली जेवात शाकिर या लेखकाला, पळपुट्या सैनिकांविषयी लिहिलेल्या एका लेखाबद्दल, तीन वर्षांची हद्दपारी फर्मावून सरकारने येथे धाडले. शिक्षा म्हणून मिळालेल्या या गावावर त्याचे इतके प्रेम जडले की, मुदत संपल्यावरही तो येथेच परतला, ‘हालिकार्नासचा कोळी’ (हालिकार्नास हे बोद्रुमचेच प्राचीन नाव) या नावाने लिहू लागला आणि इस्तंबूलच्या साहित्यिकांना स्पंज काढणाऱ्यांच्या नौकांतून सागरसफरीस नेऊ लागला. शिधा म्हणजे चीज, सुकी बिस्किटे, तंबाखू आणि राकी ही बडीशेपेची दारू. लेखिका आझ्रा एरहातने 1962 साली या सफरींवर ग्रंथ लिहिला, आणि नगरवासीयांची पावले या दरिद्री बंदराकडे वळली.

त्यांना येथे मेयहानेचा, म्हणजे मद्यालयाचा, जुना रिवाज भेटला. पांढरे चीज आणि खरबूज प्रथम येते; मग भात भरलेली भोपळ्याची फुले, बाकल्याच्या डाळीचा फावा, तळलेले माकूल; पाणी पडताच राकी दुधाळ होते; आणि मासळी, जी पाहून पसंत केलेली असते, ती पुष्कळ उशिरा येते. या सगळ्याचे खरे प्रयोजन संभाषण होय, असे माझे मत आहे. पदार्थ एकामागून एक मंदपणे येतात ते बोलणे तुटू नये म्हणूनच.

1979 साली गावच्या किल्ल्यासमोर हालिकार्नास डिस्को उघडला, 1997 साली विमानतळ झाला, आणि किनाऱ्याच्या रात्रीवर कर्णकर्कश संगीताचा अंमल बसला. धंदा वाढला, कित्येक घरांत सुबत्ता आली, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु शेजारच्या माणसाचे बोलणे ज्या मेजावर ऐकू येत नाही, तेथे उत्तमोत्तम मासळीचाही निम्मा स्वाद हरपतो, याचे मला मनापासून दुःख होते.

तरीही जवळच्या गुमुश्लुक गावी, अंशतः जलमग्न झालेल्या प्राचीन मिंडोस नगरीच्या अवशेषांलगत, पाण्याच्या कडेला मेजे मांडली जातात. आणि बोद्रुमच्या मासळीबाजारात गिऱ्हाईक स्वतः मासळी निवडून, तोलून घेऊन, शेजारच्या खाणावळीत देते, व ती शिजविण्याची मजुरी तेवढी वेगळी चुकती करून रात्री उशिरापर्यंत बसून राहते.