एका बिटाची तटबंदी

ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ या आपोआप पसरणाऱ्या वर्मने जगभरातले विंडोज संगणक जेरीस आणले. त्यासाठी कुणाला संशयास्पद ईमेल उघडावा लागला नाही. अपडेट न केलेला संगणक इंटरनेटला जोडलेला असणं पुरेसं होतं. विंडोजच्या एका सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी मेमरीत ठरावीक जागा राखली होती. वर्मने त्या जागेत मावणार नाही इतका मजकूर धाडला. जास्तीचा मजकूर शेजारच्या मेमरीत शिरला आणि प्रोसेसर त्यालाच आज्ञा समजून राबवू लागला. हाच ‘बफर ओव्हरफ्लो’.

चूक विंडोजची होतीच. पण समोर आलेला मजकूर ही निव्वळ माहिती आहे की आज्ञा, हे प्रोसेसरही तपासत नव्हता.

अशा हल्ल्यांना आवर घालणारी सोय एएमडी या कंपनीने त्याच वर्षी ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ या प्रोसेसरांत दिली. मेमरी साधारणपणे ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते आणि प्रत्येक पानाची ६४ बिटांची नोंद ठेवलेली असते. त्या नोंदीतला शेवटचा बिट म्हणजे ‘एनएक्स’, अर्थात ‘नो एक्झिक्यूट’. तो १ असला, की त्या पानावरची कुठलीही आज्ञा राबवायला प्रोसेसर साफ नकार देतो.

प्रतिस्पर्धी इंटेल तेव्हा ६४ बिटांसाठी इटानियम या प्रोसेसरच्या वेगळ्या वाटेने निघाली होती. एएमडीने मात्र जुने प्रोग्राम चालतील असा ६४ बिटांचा प्रोसेसर दिला आणि या संरक्षणाची जोरात जाहिरातही केली. २००४मध्ये इंटेलला दोन्ही गोष्टी स्वीकाराव्या लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ एनएक्स बिट वापरू लागला. २०१२च्या विंडोज ८ने तो सक्तीचा केला.

पण वेगाच्या चुरशीने त्याआधीच एक वेगळा धोकाही निर्माण केला होता. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजानेच आधी राबवू लागले होते. अंदाज चुकला तर काम रद्द होतं, पण कॅश या प्रोसेसरच्या झटपट मेमरीत त्याच्या खुणा उरतात. त्या खुणांवरून गुप्त माहिती काढता येते, हे जानेवारी २०१८मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटींनी दाखवून दिलं. मेल्टडाउनचा फटका प्रामुख्याने इंटेलला बसला. स्पेक्टरमधून एएमडीही सुटली नाही.

कंपन्या ग्राहक विचारतो तेच आधी देतात. म्हणून नवा संगणक घेताना गिगाहर्ट्‌झ आणि कोअरबरोबरच सुरक्षेच्या सोयी कोणत्या आणि अपडेट किती वर्षं मिळणार, हेही दुकानदाराला विचारा. आणि आलेले अपडेट टाळू नका.